इंडी गेम्ससाठी व्हॉइस अ‍ॅक्टिंग : माझा अनुभव

इंडी गेम्समध्ये आवाज द्यायचं काम मिळतं कसं, सुरुवात कुठून करायची, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मोठ्या स्टुडिओंच्या गेम्सबद्दल यात काही नाही, ते जग वेगळं आहे, तिथे एजंट लागतो, बुक केलेला स्टुडिओ असतो, काचेपलीकडे डिरेक्टर बसलेला असतो. मी बोलतेय ते दोन-तीन जण किंवा फार तर आठ-दहा जणांची टीम मिळून जे गेम बनवते त्याबद्दल. इथे तुम्ही घरी बसून, तुमच्याच माईकवर रेकॉर्ड करता, स्वतःच एडिट करता, फाईलला नाव देऊन पाठवता आणि ती थेट गेममध्ये जाते. म्हणजे अ‍ॅक्टर पण तुम्हीच आणि साउंड इंजिनिअर पण तुम्हीच.

पहिला प्रश्न सगळ्यांचा माईकचा असतो. माझं स्पष्ट मत आहे की माईकआधी खोली बघा. ऑडिओ टेक्निका एटी २०२० किंवा रोड एनटी वन यातलं काहीही चालतं, माईक कॉम्प्युटरला जोडणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस, पॉप फिल्टर, बंद हेडफोन आणि ऑडॅसिटी किंवा रीपरसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, झालं. पण खोलीत आवाज घुमत असेल तर हजारोंचा माईक तो घुमणं अजून स्पष्ट पकडतो, आणि एकदा रेकॉर्डिंगमध्ये आलेला एको नंतर नीट काढता येत नाही. डेव्हलपरला, म्हणजे गेम बनवणाऱ्याला, तोच आवाज कधी गुहेत, कधी जंगलात, कधी अंतराळयानात बसवायचा असतो, त्यामुळे त्याला अगदी कोरडा आवाज हवा असतो, गुहेचा एको तो स्वतः गेममध्ये टाकतो. मी कपड्यांच्या कपाटात सुरू केलं, मागे जाड गोधड्या लावून, आणि यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काहीच नाही. २०११ मध्ये आलेल्या 'बॅस्टियन' या गेममधल्या निवेदकाचा आवाज लोक अजून आठवतात, लोगन कनिंगहॅमचा, आणि ते रेकॉर्डिंग संगीतकार डॅरेन कोर्बच्या फ्लॅटमधल्या कपाटातच झालं होतं. तोच कोर्ब पुढे 'हेडिस' या गेममध्ये मुख्य पात्राचा आवाज पण झाला.

टेक्निकल बाजूचं थोडक्यात सांगते कारण हे शिकायला वेळ लागत नाही. गप्प बसल्यावर मीटर उणे साठ डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे, बोलताना सगळ्यात मोठा आवाज उणे तीन-उणे सहाच्या आसपास, फाईल मोनो वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, असं बहुतेक ठिकाणी मागतात. कॉम्प्रेशन, रिव्हर्बसारखे इफेक्ट काही लावायचे नाहीत, नॉइज रिडक्शन पण डेव्हलपरने सांगितल्याशिवाय नाही. आणि फाईलचं नाव डेव्हलपर ओळींची जी एक्सेल शीट पाठवतो त्यात दिलंय तसंच्या तसं, एक अंडरस्कोर पण इकडेतिकडे नको. हे शेवटचं लोक हलक्यात घेतात पण विचार करा, चारशे फाईल्स आल्या आणि नावं चुकीची असली तर त्या प्रोग्रामरची अख्खी रात्र त्यातच जाते, आणि पुढच्या गेमला तो तुम्हाला बोलावताना दहादा विचार करेल.

काम शोधायला मी कास्टिंग कॉल क्लब या वेबसाईटवर ऑडिशन्स देत होते पण खरं वळण मिळालं ते गेम जॅममुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गेम जॅम म्हणजे ठरलेल्या थीमवर दोन-तीन दिवसांत अख्खा गेम बनवायचा. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, तिथे ७२ तासांत टीमने गेम करायचा असतो, ग्लोबल गेम जॅम आहे, आणि इच डॉट आयओ या इंडी गेम्सच्या वेबसाईटवर तर जवळजवळ रोज कुठला ना कुठला जॅम चालूच असतो. या टीम्सकडे प्रोग्रामर असतो, आर्टिस्ट असतो, कधीकधी संगीत करणारा असतो, पण आवाज देणारं कोणी नसतं, आणि तुम्ही त्यांच्या डिस्कॉर्डवर, म्हणजे चॅट ग्रुपवर, जाऊन "मी आहे, दोन तासांत ओळी पाठवते" असं म्हणालात तर लोक खरंच खूश होतात. पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगते. पण रविवारी रात्री एक चालणारा गेम हातात असतो आणि त्यात तुमचा आवाज असतो, ओळ कुठे वाजते, दारापाशी वाजते की लढाईत, तिच्यावर संगीत चढतं का, हे सगळं स्वतः खेळून ऐकता येतं. हे शिक्षण कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही. आणि जॅममधली माणसं तिथेच थांबत नाहीत, त्यातलाच कोणीतरी वर्षभराने स्वतःचा मोठा गेम काढतो आणि त्याला तुम्ही आठवता. माझं पहिलं पैशाचं काम असंच आलं, ऑडिशन न देता.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. गेमची स्क्रिप्ट नाटकासारखी येत नाही. एक एक्सेल शीट येते. एका रकान्यात फाईलचं नाव, दुसऱ्यात पात्र, तिसऱ्यात ओळ, आणि नशीब चांगलं असेल तर चौथ्यात एखादा शब्द, "घाबरून" किंवा "चिडून". समोर दुसरा अ‍ॅक्टर नाही, बहुतेक वेळा तुम्ही एकट्याच रेकॉर्ड करता. काम माझं जास्त करून इंग्रजीत असतं पण गंमत सगळ्या भाषांत तीच. समजा पहारेकऱ्याची ओळ आहे, "कोण आहे तिकडे?" आता ही वाचायची कशी? तो एकटा आहे की सोबत कोणी आहे? ज्याला विचारतोय तो पाच पावलांवर आहे की अंगणाच्या पलीकडे? दिवस आहे की रात्र? त्याला खरंच कोणी दिसलंय की नुसता खडखडाट ऐकू आलाय? मी ओळ वाचायच्या आधी हे सगळे प्रश्न डेव्हलपरला मेसेज करून विचारते, एकदम, एका मेसेजमध्ये, म्हणजे त्यालाही दहादा उत्तर द्यावं लागत नाही. आणि एक प्रश्न मी कायम विचारते, ही ओळ खेळणाऱ्याला किती वेळा ऐकू येणार? कारण कथेतला संवाद एकदाच वाजतो, तिथे तुम्ही जीव ओतू शकता, पण पहारेकऱ्याची ओळ एका संध्याकाळी पन्नास वेळा वाजू शकते, आणि त्यात एखादी विचित्र लकब, खास हेल, लांबवलेला शब्द टाकला तर पाचव्या वेळेपासून खेळणाऱ्याचं डोकं उठतं. अशा ओळींना बार्क म्हणतात. त्या साध्या, छोट्या आणि एकाच ओळीचे चार-पाच वेगळे टेक असलेल्या पाहिजेत, म्हणजे गेम आलटूनपालटून वाजवू शकतो.

दुसरी गोष्ट निवडीची. खेळणारा तीन उत्तरांपैकी एक निवडतो आणि तिन्हींनंतर तुमची एकच ओळ येते, "बरं, मग निघूया." आधीचं उत्तर प्रेमाचं असेल, तुसडं असेल किंवा नुसतं गप्प बसणं असेल, तुमची ओळ तिन्हीला जुळली पाहिजे. म्हणजे फार आनंदी नको, फार दुखावलेली पण नको. शीटमध्ये हे दिसतच नाही, ओळ एकटीच बसलेली असते, म्हणून मी कायम विचारते की या ओळीच्या आधी काय काय येऊ शकतं, आणि एका टीमला असं विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की एका फांदीत ही ओळ अजिबात बसत नाहीये, लेखिकेने तिथे वेगळी ओळ लिहिली. तो गेम नंतर मी खेळले, तो सीन माझा सगळ्यात आवडता आहे.

मला विचाराल तर आवाज चांगला असणं, वेगवेगळे आवाज काढता येणं याला लोक फार महत्त्व देतात. दहा प्रकारचे आवाज येण्यापेक्षा एक आवाज दहा परिस्थितींत खरा वाटणं जास्त कामाचं आहे. रीलमध्येही, म्हणजे तुमच्या आवाजाच्या नमुन्यांच्या फाईलमध्येही, तेच. मिनिटभराचं रील पुरे, पहिल्या पाच-सात सेकंदांत तुमचा स्वतःचा, रोजचा वाटणारा आवाज येऊ दे, राक्षस आणि चेटकीण नंतर. आणि ऑडिशन देताना दोन टेक पाठवते मी, खरंच वेगळे, एक लिहिलंय तसा आणि एक ज्यात पात्राला त्याच ओळीतून काहीतरी दुसरंच हवंय. पाठवली की विसरून जाते. निवड झाली नाही तर कळवतही नाहीत बऱ्याचदा आणि त्याचा अर्थ काम वाईट होतं असा नसतो, कधी आधी ठरलेल्या पात्राशी आवाज फार सारखा असतो एवढंच.

घशाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण याची किंमत शरीर देतं. गेममध्ये संवादाशिवाय एफर्ट्स असतात, म्हणजे शब्द नसलेले कण्हण्या-ओरडण्याचे आवाज. माझ्यासमोरच्या एका शीटमध्ये हे असं होतं : छोटा घाव, मध्यम घाव, मोठा घाव, प्रत्येकी पाच, उडी मारताना, उतरताना, जड दगड ढकलताना (लांब आवाज), पाण्यात गुदमरताना, उंचावरून पडताना, तीन सेकंद, आगीत जळताना. हे सगळं एका माणसाने एका बैठकीत करायचं. २०१६-१७ मध्ये अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या अ‍ॅक्टर्सच्या युनियनने गेम कंपन्यांविरुद्ध जो संप केला, अकरा महिने चालला होता तो, त्यात आरडाओरड्याची सेशन्स दोन तासांची ठेवा ही पण एक मागणी होती. मी युनियनमध्ये नाही, पण तो दोन तासांचा नियम मी स्वतःला लावून घेतलाय आणि इंडी टीम्स कधीच नाही म्हणत नाहीत, फक्त आधी सांगावं लागतं. संवाद आधी, एफर्ट्स शेवटी, आणि त्यातही मरण्याचे आवाज अगदी शेवटी. ओरडताना गेन (माईकची रेकॉर्डिंग पातळी) कमी करून एक पाऊल मागे जायचं, तोंड माईकच्या जरा बाजूला. सुरुवातीला आणि नंतर पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवून त्यातून हुंकार काढत बुडबुडे काढायचे, आवाजाचे डॉक्टर आणि थेरपिस्ट हा व्यायाम देतात, त्याने घसा खरंच सैल होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला वाटला तर त्या दिवशी रेकॉर्डिंग नाही, डेडलाईन असली तरी नाही, तसं टीमला सरळ कळवायचं. चार दिवस गेले तरी आवाज बसलेलाच असेल तर डॉक्टरकडे जायचं, उगाच आल्याचा चहा पीत बसायचं नाही.

पैशाचं बोलायला लोक लाजतात, विशेषतः जॅममधले मित्र असले की. रेट ओळीवर, शब्दांवर किंवा तासावर ठरतो, ग्लोबल व्हॉइस अ‍ॅक्टिंग अ‍ॅकॅडमीचं रेट गाईड फुकट बघता येतं, सगळ्याच छोट्या टीम्सना ते परवडतं असं नाही पण निदान बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं. मी अर्धे पैसे आधी घेते, अर्धे फाईल्स दिल्यावर. एका टीमला मी सगळ्या ओळी दिल्या आणि त्यानंतर त्यांचा मेसेज आला नाही, डिस्कॉर्ड सर्व्हर पण बंद, गेम पण आला नाही. अर्धे पैसे हातात होते म्हणून निभावलं. रेव्हेन्यू शेअर, म्हणजे गेम विकला गेला की हिस्सा, हे मी फक्त तेव्हाच घेते जेव्हा तो गेम मी फुकट पण केला असता, कारण सुरू झालेले कितीतरी इंडी गेम पूर्णच होत नाहीत आणि ते कोणाच्या वाईट हेतूने नाही, नोकरी सांभाळून गेम करणं खरंच अवघड आहे. करारात क्रेडिटमध्ये नाव, पिकअप म्हणजे नंतरच्या दुरुस्तीच्या ओळींचा दर, आणि गेम आल्यावर रीलमध्ये क्लिप वापरायची परवानगी, एवढं लिहून घ्या.

आणि एआयचं कलम. हे सोडू नका. माझा आवाज या गेमसाठी, याच ओळींसाठी आहे, त्यावरून मॉडेल ट्रेन करायचं नाही, क्लोन करायचा नाही, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, असं मी साध्या वाक्यात लिहिते. याच प्रश्नावर सॅग-आफ्ट्राच्या गेम अ‍ॅक्टर्सनी जुलै २०२४ मध्ये पुन्हा संप केला आणि तो सुटायला २०२५ उजाडलं. मला हा विषय नुसता पैशाचा वाटत नाही. पहारेकऱ्याला अंधारात काय दिसलं हा प्रश्न मी विचारला, त्यावर डेव्हलपरने विचार केला, आणि त्या बोलण्यातून ती ओळ झाली, ती माझी मेहनत आहे आणि ती कोणी न विचारता उचलून नेऊ नये. आतापर्यंत एकाही इंडी डेव्हलपरने यावर वाद घातलेला नाही, उलट एकाने तेच कलम त्याच्या आर्टिस्टच्या करारात पण टाकलं.

एवढ्यावर घर चालतं का? पूर्ण नाही, मी सोबत ई-लर्निंगचं निवेदन करते आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जण असंच काहीतरी करतात. पण आता महिन्यातली बरीचशी कामं ओळखीच्या टीम्सकडून येतात. सध्या ज्या गेमवर काम चालू आहे तो मला पहिलं पैशाचं काम देणाऱ्या प्रोग्रामरचा, आता त्याच्याबरोबर चौघं आहेत. परवा त्यांची प्लेटेस्ट, म्हणजे लोकांना गेम खेळायला देऊन बघणं, झाली आणि कळलं की पूल कोसळताना मी जी सूचना देते, "डावीकडे दोर आहे", ती कोणी ऐकतच नाही, कारण मी ती उभं राहून सांगितल्यासारखी म्हटली आहे आणि तिथे ते पात्र जीव खाऊन पळत असतं, हे शीट आली तेव्हा ठरलेलंच नव्हतं, तो सीन नंतर बदलला. त्याने मला त्या सीनचा व्हिडिओ पाठवलाय, वीस सेकंदांचा, आवाजाशिवाय. उद्या सकाळी तो समोर लावून, जागेवर पळत ती ओळ पुन्हा करायची आहे, पाच टेक, दोन तुटलेल्या श्वासाचे.