तडकलेल्या नखावर नुसतं जेल मारायचं नाही

काल दुपारी शहापूरहून एक क्लायंट आली, स्कूटीच्या डिकीत बोट अडकून ॲक्रिलिकचं नख (स्वतःच्या नखावर बसवलेलं कृत्रिम नख) आडवं तडकलेलं आणि वरनं घरातलं सुपरग्लू फासलेलं. म्हणाली, "अक्का, वरनं थोडं जेल मारून दे की, संध्याकाळी हळदीला जायचंय."

जेल म्हणजे नखावर लावून यूव्ही दिव्यात कडक करायचा थर. मी सरळ नाही म्हटलं. लाईटखाली धरून बघितलं तर चीर खाली तिच्या स्वतःच्या नखातही गेलेली. अशा फटीत पाणी शिरतं, ओल राहते आणि मग नख हिरवट पडतं, ते बॅक्टेरियाचं काम असतंय, त्यावर जेल मारलं की घाण आतच कोंडली.

आधी दोघींनी हात धुतले. रक्त नाही, पू नाही, दाबल्यावर ठणकत नाही, कातडी शाबूत, हे बघूनच पुढं गेले, नाहीतर डॉक्टरकडेच पाठवलं असतं. लांबी कापली, वरचा थर फाईल केला, ॲसिटोनचा कापूस फॉइलमध्ये गुंडाळून 20 मिनिटं ठेवला, ग्लूपण त्यातच सुटला. उचकटायचं नाही, अजिबात नाही, खालच्या नखाचे पापुद्रे सोबत निघतात! मग अल्कोहोलनं पुसून चिरेवर सिल्कचा इवलासा तुकडा, त्यावर रेझिन, म्हणजे नखाचा पातळ गोंद, सुकल्यावर हलका बफर घासून गुळगुळीत. रेझिन कातडीला लागू द्यायचं नाही, ॲलर्जी उठू शकते.

नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणून चीर पुढं सरकून कापली जाईपर्यंत आखूडच ठेव म्हटलंय. हळदीला साधं गुलाबी पॉलिश लावून गेली.