हॉबेमाच्या चित्राची नक्कल करताना

तेलरंग शिकण्यासाठी जुन्या चित्रकाराच्या निसर्गचित्राची नक्कल करावी, हा सल्ला अनेकांना कमीपणाचा वाटतो. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलला तो तसा वाटला नसावा, कारण ‘द हे वेन’ हे त्याचे प्रसिद्ध चित्र १८२१ मध्ये पूर्ण झाल्यानंतरही, १८२३ मध्ये तो सतराव्या शतकातील चित्रकार क्लोद लोरँच्या निसर्गचित्राची नक्कल करीत बसला होता.

मी निवडलेले चित्र डच चित्रकार मैंडर्ट हॉबेमाचे आहे. नेदरलँड्समधील मिडेलहार्निस गावाकडे जाणारा, दोन्ही बाजूंना उंच, सडपातळ झाडे असलेला सरळ रस्ता त्याने १६८९ मध्ये रंगवला. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्षितिज खूप खाली असल्यामुळे कॅनव्हासचा बराचसा भाग आकाशानेच व्यापलेला आहे. चित्र इतके साधे दिसते की ते सहज जमेल असे वाटते, आणि नवशिक्याला फसवण्याइतका हा साधेपणा धूर्त आहे.

पूर्ण झालेल्या चित्रात सगळे एकाच वेळी दिसते. रंगवताना मात्र प्रत्येक गोष्टीचा क्रम ठरवावा लागतो, आणि नक्कल खरे तर हा क्रमच शिकवते. येथे झाडे आकाशावर उभी आहेत, त्यामुळे आकाश आधी पूर्ण करून सुकू द्यावे लागते. ओल्या पांढऱ्या रंगावर पाने टेकवली की हिरवा रंग त्यात मिसळून गढूळ होतो. त्याआधी मी कॅनव्हासवर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ थर देऊन उजेडाच्या जागा कापडाने पुसून काढल्या होत्या. वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवत न्यायचे, हा नियम पुस्तकात कोरडा वाटतो. पण तेलकट थर सावकाश सुकतो आणि त्यावरचा कमी तेलाचा थर आधी घट्ट झाल्यास पुढे तडे जातात, हे कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही.

सर्वांत अधिक विचार रंगांनी करायला लावला. छापील प्रती आणि पडद्यावरच्या प्रतिमा आकाशाच्या निळ्याबाबत क्वचितच एकमत होतात. शिवाय जुने व्हार्निश, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक संरक्षक थर, पिवळे पडते, आणि सतराव्या शतकातील अनेक डच चित्रांत पिवळा वनस्पतिजन्य रंग उजेडाने उडून गेल्यामुळे पाने निळसर झाली आहेत. मग नक्कल चित्रकाराची करायची की काळाची? मी संदर्भचित्र कृष्णधवल करून घेतले आणि छटांपेक्षा उजेड-अंधाराच्या प्रमाणावर अधिक विश्वास ठेवला. ते प्रमाण सांभाळले गेले, तर हिरवा थोडा इकडेतिकडे झाल्यानेही चित्र ढासळत नाही. ढगांत मात्र तडजोड करावी लागली: त्या काळचे चित्रकार शिशाचा पांढरा रंग वापरीत, आज सर्रास मिळणारा टायटॅनियम व्हाइट त्याच्यापेक्षा थंड आणि अधिक अपारदर्शक असतो, म्हणून त्यात चिमूटभर यलो ऑकर हा मातकट पिवळा रंग मिसळल्याशिवाय ढग खडूने काढल्यासारखे दिसत होते.

या चित्राच्या क्ष-किरण तपासणीत असे दिसले आहे की अग्रभागी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉबेमाने आणखी एकेक झाड रंगवले होते आणि नंतर ते आकाशाच्या रंगाखाली झाकून टाकले. मला ही माहिती कोणत्याही तंत्रापेक्षा मोलाची वाटते, कारण नक्कल करणाऱ्याला सहसा केवळ निर्णयाचा शेवट दिसतो, येथे निर्णय बदलताना दिसतो. म्हणून एका वेगळ्या कागदावर कोळशाने ती दोन झाडे परत उभी करून पाहिली. रस्त्याचा रुंद आरंभ त्यांच्यात दाबला गेला, आणि नजर दूरवर चालत येणाऱ्या माणसाकडे जाण्याऐवजी पुढच्या खोडांवरच अडखळू लागली.

माझी प्रत मूळ चित्रापेक्षा बरीच लहान आहे आणि पाठीमागे ‘हॉबेमावरून’ असे स्पष्ट लिहिले आहे. व्हार्निश इतक्यात देणार नाही. जाड थर आतपर्यंत सुकायला काही महिने लागतात.