चित्रातला निळा बाण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी सांगणारे पुष्कळ असतील आणि ते माझ्यापेक्षा छान सांगतील. मी या शाळेतून एसएसएलसी (दहावी) होऊन वैद्यकीकडे वळलो, म्हणून मिळालेली जागा विज्ञानाच्या वहीतल्या एकाच आकृतीसाठी वापरतो. चार कप्पे, तांबडी पेन्सिल, निळी पेन्सिल आणि नावं देण्याचे वेगळे गुण: रक्ताभिसरणाची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. तिच्यात चूक काही नाही. मात्र निळा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत आणणारा, बाण आपण तांबड्याइतकाच ठसठशीत काढतो, आणि हृदय रक्त जसं ढकलतं तसंच ते ओढूनही घेतं असा समज होऊन बसतो. पायांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांत हा समज पन्नाशीपर्यंत टिकलेला दिसतो.

जाण्याचा रस्ता सोपा आहे. विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देतं आणि दर ठोक्याला डावी जवनिका (हृदयाचा खालचा डावा कप्पा) सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत टाकते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर, थोडक्यात अंगातलं सगळं रक्त. उजवी जवनिकाही तेवढंच रक्त फुप्फुसांकडे पाठवते, पण तिथला दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) २५/१० च्या आसपास असतो, डावीकडे १२०/८०. त्यामुळेच डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड असते. आकृतीत दोन्ही भिंती सारख्या काढणाऱ्याचा अर्धा गुण कापायला माझी हरकत नाही.

महाधमनीतला सरासरी दाब ९० च्या वर असतो. केशवाहिन्यांच्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केसाहून बारीक नळ्यांच्या, सुरुवातीला तो ३५ च्या आसपास येतो, त्या ओलांडल्यावर १५, आणि उजव्या कर्णिकेशी (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याशी) जवळजवळ शून्य. हृदयाने दिलेला जोर वाटेतच असा संपतो. आता उभ्या माणसाच्या घोट्यापासून छातीपर्यंतचा चढ डोळ्यांसमोर आणा. नुसतं उभं राहिलं की त्या रक्तस्तंभाच्या वजनाने घोट्याजवळच्या शिरेत (शीर म्हणजे रक्त परत नेणारी वाहिनी) ९० च्या आसपास दाब साचतो. तिथून रक्त वर चढवायचं काम पोटरी करते. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यामधल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडले की शिरांतल्या झडपा मिटतात आणि ते खाली येत नाही. चालू लागलं की काही पावलांतच घोट्याचा दाब ३० च्या खाली उतरतो. श्वासाचीही मदत होते: श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, आणि रक्त छातीकडे खेचलं जातं. अंगातलं ६० टक्क्यांहून जास्त रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असतं, तेव्हा हा निळा बाण किरकोळ नव्हे.

शिरांतल्या झडपा वर्गात दाखवता येतात, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बारीक अंगाच्या, शिरा ठळक असलेल्या मुलाच्या कोपराच्या वर रुमाल बांधा. तो इतकाच घट्ट हवा की मनगटाची नाडी लागत राहील. मूठ आवळायला सांगितली की हातावरच्या शिरा फुगतात आणि मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतात. तिथे झडपा असतात. मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, पुढच्या उंचवट्याच्या पलीकडे सारा. वरचं बोट उचला: मधला तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचला: तो झर्रकन भरतो, आणि भरतो खालून. मिनिटभरात रुमाल सोडावा.

हा प्रयोग इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ साली छापलेल्या ग्रंथात आकृत्यांसह दिला आहे. त्याचे इटलीतल्या पदुआचे गुरू फॅब्रिशियस यांनी या झडपांचं वर्णन १६०३ मध्ये केलं होतं, पण रक्त खाली फार वेगाने जाऊ नये म्हणून त्या आहेत असा त्यांचा समज होता. हार्वेचा दुसरा पुरावा आपल्या गणिताच्या तासाला शोभेल असा. ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅमच रक्त बाहेर पडतं असं धरा, आणि अर्ध्या तासात हजार ठोके. झालं १४ किलो! एवढं रक्त अंगात नसतं आणि अन्नातून तितक्या वेळात तयारही होत नाही. म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे मात्र त्याला दिसलं नाही. ते इटलीच्या माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

आता बिघाडाकडे. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये (पाइपच्या तळाच्या झडपेत) कचरा अडकला की चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायाच्या शिरेची झडप नीट मिटली नाही की रक्ताचं तेच होतं. बेळगावातल्या वडगाव, शहापूर, खासबागचे यंत्रमागवाले, उद्यमबागेत लेथवर उभे राहणारे, बसचे कंडक्टर आणि फळ्यासमोर सलग तास घेणारे शिक्षक यांना हा त्रास जास्त होतो, कारण उभं राहणं असतं पण पोटरीला काम नसतं. आधी संध्याकाळी घोटा सुजतो आणि पाय जड होतो. मग शिरा वेटोळ्या होतात, आतल्या घोट्याच्या वर कातडी काळपट पडून खाजते आणि एखाद्या ओरखड्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. नुसतं मलम लावून ती भरणार नाही. आतला दाब उतरायला हवा. दर अर्ध्या तासाला वीस-पंचवीस वेळा टाचा उचलाव्यात. झोपताना पाय छातीच्या पातळीपेक्षा वर घ्यावेत. दाबमोजे, म्हणजे पाय घट्ट दाबून धरणारे मोजे, सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच चढवावेत, कारण सूज आल्यावर चढवलेल्या मोज्याचा उपयोग कमी. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागलं तर माणसाला आडवं करून पाय उंच धरायचा आणि तिथेच दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवायचं. वर मांडीला फडकं आवळून बांधणारे पुष्कळ आहेत. त्याने परतीचा रस्ता बंद होतो आणि रक्त आणखी जोरात येतं.

एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली तर तेल लावून चोळू नका. खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती सुटली तर कुठे जाईल, हे निळा बाण गिरवून पाहिलं तर मुलंही सांगतील: उजवी कर्णिका, उजवी जवनिका, फुप्फुस. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

प्रार्थनेच्या वेळी किंवा १५ ऑगस्टच्या संचलनात मुलं चक्कर येऊन पडतात, तेही याच कारणाने. गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. आडवं पडणं हाच त्यावर उपाय. तरी आपल्याकडे दोघं जण बगलेत हात घालून मुलाला उभं करतात! त्याला जमिनीवरच राहू द्यावं, पाय दप्तरावर टेकवावेत, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मात्र धावताना किंवा खेळताना जो पडतो त्याचा ईसीजी झाल्याशिवाय त्याला मैदानात उतरवू नये.

निपाणीच्या तंबाखूचा उल्लेख टाळून या भागात रक्तवाहिन्यांवर लिहिता येणार नाही. अमेरिकन डॉक्टर लिओ बर्गरने १९०८ मध्ये वर्णन केलेला आजार तंबाखूशी घट्ट बांधलेला आहे. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून गाठींनी बंद होतात, आणि रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आतला असतो. थोडं चाललं की तळपाय किंवा पोटरी दुखते, थांबलं की राहते. पुढे पाऊल गार पडतं, रात्री झोप लागू देत नाही, बोटाचं टोक काळं होतं. तंबाखू पूर्ण सोडली तर आजार बहुधा तिथेच थांबतो. दिवसाला एक बिडी चालू ठेवली तरी तो पुढे सरकत राहतो. बिडीऐवजी तंबाखू मळली म्हणजे सुटका झाली असंही नाही. अशा पायाला दाबमोजा चढवणं धोक्याचं आहे, म्हणून मोजा देण्याआधी पावलाच्या वर आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते का हे बघायलाच हवं. औषधाच्या दुकानातून परस्पर मोजे आणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

शाळेला एक सूचना. ८ वी ते १० वीच्या वर्गांना वर्षातून एकदा बकऱ्याचं हृदय दाखवावं. ते धुऊन महाधमनी नळाखाली धरली आणि तिच्यात हळू पाणी सोडलं की तीन पाकळ्यांची झडप मिटून पाणी वरच थांबतं. झडपेच्या लगेच वर दोन बारीक छिद्रं दिसतात; हृदयाच्या स्वतःच्या धमन्या तिथून निघतात. मग डावी जवनिका उभी चिरून दोन पाकळ्यांची झडप आणि तिला धरून ठेवणारे दोरे दाखवावेत. घसा सुजून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ज्या मुलाचे सांधे एकामागून एक दुखतात, त्याची हीच झडप कायमची खराब होऊ शकते, हे तेव्हाच सांगून टाकावं. हातमोजे घालावेत, पाती शिक्षकांनीच धरावी. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवणं महत्त्वाचं, कारण तो सवयीने वरच्या नळ्या मुळाशी छाटतो, आणि महाधमनी दोन-तीन सेंटिमीटर तरी शिल्लक असल्याशिवाय पाण्याचा प्रयोग होत नाही.