आमची वाटचाल : जाळं शिवता शिवता

सुरुवातीला आमच्या कारखान्यात कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांची, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यांची, फक्त दुरुस्ती व्हायची. फाटलेला खोला, म्हणजे जाळ्याच्या टोकाची पिशवी, उलगडला की आसांत, म्हणजे जाळ्याच्या भोकांत, अडकून वाळलेली बोटाएवढी माशांची पिल्लं निघायची. ती उपटून काढायची आणि पुन्हा तसंच जाळं शिवून द्यायचं, हे मनाला पटेनासं झालं.

नेहमीचा आस पतंगाच्या आकाराचा. जाळं ओढायला लागलं की ताणाने तो मिटतो; मग पिल्लांना वाट कुठून मिळणार? तेच जाळं 45 अंश फिरवून कापलं की आस चौकोनी होतो आणि ताणातही उघडा राहतो. सांगायला सोपं, पण गाठी सरकायच्या, जोडाला घड्या पडायच्या. चौकोनी आसांना नेहमीचे किती आस जोडायचे, हे बसवताना आम्ही कितीतरी खोले उसवले.

मग टेड, म्हणजे कासवांना बाहेर काढणारी गजांची चौकट. कोळंबी गजांतून मागे खोल्यात जाते, कासव तिरप्या गजांवरून सरकत झडपेतून बाहेर पडतं. या कल्पनेचं एक मूळ अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या सिंकी बून या मच्छिमाराकडे जातं. त्यांना जेलीफिश बाहेर काढायचे होते! सगळी मदार गजांच्या कोनावर. आम्ही 45 ते 55 अंशांत ठेवतो. कोन फार उभा झाला तर कचरा अडकतो, फार आडवा झाला तर कोळंबी निसटते.

पहिल्याच टेडमध्ये आमची चूक झाली. कोन जमिनीवर पसरून मोजला होता. पाण्यात नवं जाळं ताणलं गेलं, चौकट आडवी झाली, झडप फाकली. बोटीचे तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख, जाळं घेऊन परत आले. म्हणाले, “कासव जगावं असं मलाही वाटतं. पण खलाशांना वाटा काय देऊ?” त्यांचं बरोबर होतं. कोळंबी राखता येत नसेल तर ते टेड कोणी बोटीवर ठेवणार नाही. तेव्हापासून आम्ही जाळं टांगून, ताण देऊन कोन मोजतो आणि चौकट पाण्यात तरती राहावी म्हणून तिला बोयी बांधतो.

अलीकडे बारीक पण मजबूत दोऱ्याची जाळी आणि त्यामुळे जाळ्याचं तोंड फाकवणाऱ्या लहान फळ्या, असं काम घेतलंय. ओढ हलकी, डिझेल कमी, समुद्राचा तळही कमी खरवडतो. तळाला टेकणाऱ्या साखळीचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. ती उचलली की कोळंबी खालून निघून जाते.

तेच तांडेल आता नवं जाळं नेलं की पहिल्या काही ओढींनंतर स्वतः कोन मोजतात आणि आकडा फोनवर कळवतात.