सलग बावीस विजय आणि कोरी क्लुबरचा ऑक्टोबर

२४ ऑगस्ट २०१७ रोजी क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने बॉस्टनला १३-६ असे हरवले, तेव्हा त्या विजयात कोणाला फार विशेष असे काही दिसले नव्हते. आदल्या दिवसापर्यंत ६९ विजय आणि ५६ पराभव अशी नोंद असलेला हा चांगला संघ होता. भीती वाटावी असा मात्र तो नव्हता. त्यानंतर १४ सप्टेंबरपर्यंत तो एकही सामना हरला नाही. सलग २२ विजय मिळवून त्याने २००२ मध्ये ऑकलंडने केलेला सलग २० विजयांचा अमेरिकन लीगमधील (अमेरिकेतील अव्वल बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) विक्रम मागे टाकला. या संघाचे नाव तेव्हा इंडियन्स होते. २०२२ च्या हंगामापासून तो गार्डियन्स या नावाने खेळतो.

बेसबॉलमध्ये सलग २२ सामने जिंकणे किती अवघड आहे, हे त्या खेळाचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. हंगाम १६२ सामन्यांचा असतो, सामने जवळजवळ रोज होतात आणि अत्यंत बलाढ्य संघही वर्षाकाठी साठ-एक सामने हरतो. सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू, एकदा खेळला की साधारण चार दिवस विश्रांती घेतो, त्यामुळे संघातला सर्वोत्तम पिचर पाच दिवसांतून एकदाच मैदानावर दिसतो. त्यामुळे एकट्या पिचरच्या बळावर तीन आठवडे अजिंक्य राहणे शक्यच नसते. क्लीव्हलंडचे कार्लोस कॅरास्को, ट्रेव्हर बॉवर, माइक क्लेव्हिंजर आणि जॉश टॉमलिन हे सगळेच पिचर त्या काळात टिच्चून खेळत होते. कॅन्सस सिटीविरुद्धच्या लागोपाठच्या तीन सामन्यांत तर त्यांनी प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. २२ सामन्यांत मिळून संघाने १४२ धावा केल्या आणि केवळ ३७ दिल्या. जेसन किपनिस, मायकेल ब्रँटली आणि अँड्र्यू मिलर हे तिघे दुखापतींमुळे बाहेर असताना हे घडले, याचे मला आजही फार कौतुक वाटते.

बाविसावा विजय सर्वांत चुरशीचा होता. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये दोन गडी बाद झालेले, संघ एका धावेने मागे आणि फ्रान्सिस्को लिंडोरला एकच स्ट्राइक शिल्लक (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद होतो), अशा अवस्थेत त्याने डाव्या बाजूच्या कुंपणापर्यंत चेंडू मारून बरोबरी साधली आणि दहाव्या इनिंगमध्ये जे ब्रूसने सामना जिंकून दिला. दुसऱ्याच दिवशी कॅन्सस सिटीने ४-३ असा विजय मिळवून ही मालिका संपवली.

या काळातला माझा सर्वांत आवडता सामना मात्र १२ सप्टेंबरचा, म्हणजे विसाव्या विजयाचा आहे, कारण तो पूर्णपणे संघाचा अग्रणी पिचर कोरी क्लुबर याचा होता. डेट्रॉइटविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने नऊच्या नऊ इनिंग स्वतः टाकल्या, एकही धाव दिली नाही आणि क्लीव्हलंडने २-० असा विजय मिळवला. क्लुबरचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. त्याचा वेगवान सिंकर (खाली बुडणारा चेंडू) उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगाकडे वळतो आणि त्याचाच वळणारा चेंडू नेमका उलट्या दिशेने, बॅटरपासून दूर झपकन निसटतो. हातातून सुटताना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. बॅटर हताश होऊन परतत असतानाही क्लुबरच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. त्यामुळेच चाहत्यांनी त्याला ‘क्लुबॉट’ (क्लुबर आणि रोबॉट मिळून) हे नाव दिले होते.

त्या वर्षी वसंतात त्याची पाठ दुखावली होती आणि मे महिना त्याला जवळजवळ पूर्ण बाहेर काढावा लागला होता. दुखापतीपूर्वीच्या सहा सामन्यांत नऊ इनिंगमागे त्याने सरासरी ५.०६ धावा दिल्या होत्या, आणि एखाद्या अग्रणी पिचरच्या दृष्टीने हा आकडा वाईटच म्हणावा लागेल. १ जूनला तो परतला आणि पुढच्या २३ सामन्यांत हीच सरासरी १.६२ इतकी खाली आली. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १८ विजय, केवळ ४ पराभव आणि २६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) होते. १०२ सामने जिंकलेल्या या संघाला १९४८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळणार, असे आम्हा चाहत्यांना मनापासून वाटत होते. आदल्या वर्षी शिकागो कब्जविरुद्ध ३-१ अशी आघाडी असताना अंतिम मालिका गमावल्याचे दुःख ताजे होते, हेही त्या अपेक्षेमागचे एक कारण होते.

ऑक्टोबरमध्ये प्लेऑफमधल्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतल्या, पाच सामन्यांच्या मालिकेत समोर न्यूयॉर्क यांकीज आले. पहिला सामना बॉवरच्या जोरावर ४-० असा जिंकला गेला. दुसऱ्या सामन्यात, ६ ऑक्टोबरला, क्लुबर मैदानात उतरला आणि तिसरी इनिंगही पूर्ण करू शकला नाही. गॅरी सँचेझ आणि अ‍ॅरन हिक्स यांनी त्याला होम रन (सहसा कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले आणि सहा धावा देऊन तो परतला. संघ ८-३ असा मागे पडला होता; लिंडोरचा ग्रँड स्लॅम (चार धावा देणारा होम रन), ब्रूसचा होम रन आणि तेराव्या इनिंगमधला यान गोम्सचा फटका यांमुळे सामना ९-८ असा वाचला. विजयाच्या जल्लोषात क्लुबरच्या अपयशाकडे फारसे लक्ष गेले नाही. त्यानंतर न्यूयॉर्कने तिसरा सामना १-० आणि चौथा ७-३ असा जिंकला आणि निर्णायक सामन्यासाठी चेंडू पुन्हा क्लुबरच्याच हाती आला.

तो सामना ११ ऑक्टोबरच्या रात्रीचा, म्हणजे आपल्याकडे १२ तारखेच्या सकाळचा. पहिल्याच इनिंगमध्ये डीडी ग्रेगोरियसने त्याला होम रन मारला आणि तिसऱ्या इनिंगमध्ये त्याच ग्रेगोरियसने दुसरा. क्लुबरचे चेंडू नेहमीप्रमाणे कोपऱ्यांवर पडत नव्हते. ते मध्यभागी रेंगाळत होते. क्रिकेटमध्ये मार बसलेल्या गोलंदाजाला कर्णधार बाजूला घेतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाकडून पुन्हा चेंडू देतो, पण बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊच शकत नाही. चौथ्या इनिंगमध्ये व्यवस्थापक टेरी फ्रँकोना चेंडू घ्यायला आले आणि क्लुबरचा हंगाम तिथेच संपला. दोन सामन्यांत मिळून त्याने सव्वासहा इनिंगहून थोडा अधिक वेळ पिचिंग केले आणि नऊ धावा दिल्या. सामना ५-२ असा गेला. पाठीचे दुखणे पुन्हा उद्भवल्याची चर्चा होती, पण क्लुबरने त्या दुखण्याची सबब पुढे केली नाही.

त्यानंतर जी टीका झाली ती मला अन्यायकारक वाटली आणि आजही वाटते. क्लुबर वाईट खेळला, यात वाद नाही. परंतु सलग २२ विजयांचे श्रेय साऱ्या संघाला देणाऱ्यांनी पराभवाचे खापर एकाच माणसावर का फोडावे? त्या मालिकेत लिंडोर आणि होजे रामिरेझ या दोन मुख्य बॅटरनी मिळून ३८ वेळांत केवळ चार हिट (बेस गाठून देणारे फटके) मारले. चौथ्या सामन्यात क्षेत्ररक्षकांनी चार चुका केल्या आणि त्या सामन्यात क्लुबर खेळलाही नव्हता. तिसरा सामना तर एकही धाव न करता आल्यामुळे गेला. एडविन एन्कार्नासिओनचा घोटा दुसऱ्या सामन्यात मुरगळला आणि पुढचे दोन सामने तो बाहेर बसला. पाचव्या सामन्यात यांकीजचे बॅटर १६ वेळा स्ट्राइकआउट झाले, तरीही ते जिंकले. पिचरचे अपयश मात्र सर्वांना दिसते, कारण तो मैदानाच्या मधोमध एकटा उभा असतो आणि हार-जीत त्याच्याच नावापुढे लिहिली जाते.

सलग विजयांचा इतिहासही हेच सांगतो. १९१६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने मधल्या एका बरोबरीसह सलग २६ विजय मिळवले आणि ते आपल्या लीगमध्ये चौथे आले. १९३५ मध्ये शिकागो कब्जनी २१ सामने सलग जिंकले आणि अंतिम मालिका डेट्रॉइटकडून गमावली. २००२ चा ऑकलंडचा संघ क्लीव्हलंडप्रमाणेच पाच सामन्यांच्या पहिल्याच मालिकेत बाद झाला. तीन आठवडे टिकलेले सातत्य पाच सामन्यांत उतरेलच असे नाही, आणि उतरले नाही म्हणून आधीचे सातत्य खोटे ठरत नाही.

त्या नोव्हेंबरमध्ये क्लुबरला लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला. या पुरस्काराची मते प्लेऑफ सुरू होण्यापूर्वीच दिली जातात आणि पहिल्या क्रमांकाच्या ३० मतांपैकी २८ त्याच्या वाट्याला आली होती. पुढच्या वर्षी त्याने २० सामने जिंकले. २०१९ मध्ये परत आलेला एक फटका त्याच्या उजव्या हातावर बसून हाड मोडले, त्या वर्षअखेरीस क्लीव्हलंडने त्याला टेक्सासकडे पाठवले आणि तिथे एका इनिंगनंतर तो पुन्हा जायबंदी झाला. १९ मे २०२१ रोजी त्याच टेक्सासविरुद्ध त्याने एकही हिट न देता नऊ इनिंग पूर्ण केल्या. त्या दिवशी त्याच्या अंगावर न्यूयॉर्क यांकीजचा गणवेश होता आणि क्लीव्हलंडची चाहती असूनही मला त्याचा निर्भेळ आनंद झाला.