कळशीतलं पाणी

"गोगलगायी काचेवरून पडतायत," असा फोन आला की मी हातातलं काम टाकून निघतो. मासा मेला तर त्याला पन्नास कारणं असतात. पण काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या धडधाकट टर्बो गोगलगायी उताण्या पडून पुन्हा सरळ होत नसतील, तर पाण्यात काहीतरी उतरलंय.

घर कोथरूडचं. माशांचा तीन फुटी टँक, साधारण १९० लिटरचा, डिसेंबरात मीच लावलेला. खाऱ्या पाण्याचा त्यांचा हा पहिलाच. मालकांनी तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ दाखवून "अस्साच हवा" म्हटलं होतं. त्यातले निम्मे जीव दगडी प्रवाळ. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रघोडाही तिथेच. हे सांगितलं की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पण दुकानात तर मिळतात." मिळतात. मी आणत नाही, आणि त्यापायी कामं गेलीत.

मग कृत्रिम सुका दगड, अरागोनाइटची वाळू, आणि पाच आठवडे टँकमध्ये एकही मासा नाही. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्यात दगडावर वस्ती करतात. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसत्या पाण्याचे पैसे घेऊन गेला. त्यानंतर दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी, चार हर्मिट खेकडे, सहा गोगलगायी, थोडे झोआंथस आणि मशरूम, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले प्रवाळांचे भाऊबंद.

पाणी गार ठेवणाऱ्या चिलरची किंमत ऐकून ते नको म्हणाले. पुण्याच्या उन्हाळ्यात टँक तिशीच्या वर जातो, म्हणून मी पंखे बसवले. पंखा पाणी गार करतो ते पाणी उडवूनच. दिवसाला तीन लिटर जातात. मीठ मात्र जागेवरच राहतं, त्यामुळे भर घालायची ती बिनमिठाची, आरओ-डीआय गाळणीने विरघळलेलं सगळं काढून टाकलेल्या, शून्य टीडीएसच्या पाण्याची. नवशिके इथेच चुकतात: कोणी खारं पाणीच ओततो, कोणी आठवडाभर विसरतो आणि मग बादलीभर एकदम घालतो. या घरात ते काम आजींकडे होतं. काचेवर मी मार्करने ओढलेली रेघ, आणि रोज नऊ वाजता पाणी बरोबर रेघेला. चौदा वर्षांत इतक्या नेमाने पाणी घालणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

पोचलो तर कोळंबी कात टाकता टाकता अर्ध्यात अडकून मेलेली. तीन गोगलगायी गेलेल्या, झोआंथस मुठी आवळून बसलेले. आणि दोन्ही क्लाउनफिश मजेत, मला बघून खायला मागताहेत. मोजलं. क्षारता ३५, समुद्राइतकीच; ती मोजणारा माझा रिफ्रॅक्टोमीटर महिन्याला प्रमाणित द्रावणावर जुळवलेला असतो. अमोनिया शून्य, नायट्रेट १०, तापमान २७. डासांचा फवारा? नाही. फिनेल? नाही.

मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे जीव मरतात, म्हणजे तांबं. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचंच औषध देतात: लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, त्यात परजीवी मरतात आणि मासा तगतो. गंमत अशी की कोळंबीच्या आणि गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं तेही तांबंच. पण पाण्यातून थोडं जास्त आलं की तेच त्यांना मारतं. तांब्याचं किट लावलं. रंग आला न आला असा. असल्या किटांना मी शाळेतला लिटमस म्हणतो.

कुर्ल्याच्या होलसेलरला तिथूनच फोन लावला. त्याच्या टाक्यांत तांबं असतं हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. माल दुकानात असेपर्यंत जगला की त्याचं काम झालं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही हा माझा नियम, तरी त्याला मी पाच मिनिटं झापलं. त्याची माफी अजून मागितलेली नाही. बहुतेक मागणारही नाही.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो. आजींनी फुलपात्रात पाणी दिलं. "घ्या, तांब्याच्या कळशीतलं आहे. तुमच्या माशांनाही हेच घालते."

ओट्याच्या कोपऱ्यात कळशी होती. चिंचेने घासून लख्ख केलेली.

मी दिलेला प्लास्टिकचा कॅन पाडव्याच्या आवराआवरीत चिरला होता. तेव्हापासून आरओ-डीआयचं पाणी रात्री कळशीत भरायचं, सकाळी टँकमध्ये घालायचं. "आम्ही प्लास्टिकमधलं पीत नाही, मग त्या मुक्या जिवांना का द्यायचं?"

त्या पाण्यात काहीच विरघळलेलं नसतं, म्हणून ते धातूला लागलं की ओढून घेतं. त्यात रोज घासलेलं उघडं तांबं. पन्नास दिवस, रोज तीन लिटर, म्हणजे दीडशे लिटर पाणी. पाणी उडून गेलं, तांबं राहिलं. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उतरलं असं धरलं तर एकूण ३० मिलिग्रॅम. पाणीबदलात गेलेलं, दगडांनी शोषलेलं वजा केलं तरी कोळंबीला पुरून उरतं. टीडीएस मीटर मात्र कळशीतल्या पाण्याला शून्यच दाखवत होता. एवढंसं तांबं त्याला दिसतच नाही. माणसाला त्यात काही धोका नाही, जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. मी फुलपात्र संपवलं.

"माझ्यामुळे गेले का?" आजींनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही हो, उन्हाळा आहे." तेवढ्यात मालक दारातून म्हणाले, "आई, त्या तांब्याने मेले ते." दोघांपैकी कोण बरोबर वागलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आजींनी फ्रिजवर चिकटवलेला माझा सूचनांचा कागद आणला. चौदा मुद्दे. चष्मा लावून नववा वाचला: "तांबंयुक्त औषध टाकू नये." कागद माझ्यापुढे धरला. "औषध कुठे टाकलं मी?"

खरंच होतं. नळाचं पाणी नको, साबणाचा हात नको, अगरबत्तीसुद्धा लांब ठेवा, एवढं सगळं मी लिहिलंय. माझ्या आईकडे कळशी आहे, बंब आहे, गुढीवरचा तांब्या आहे. भांड्याचा मुद्दा मला सुचला नाही.

फिल्टरमध्ये पांढरी शोषक पट्टी ठेवली होती, ती तिसऱ्या दिवशी निळसर पडली. तांबंच. मग तीन मोठे पाणीबदल, कार्बन, तांबं ओढणारं रेझिन. शेवटची पट्टी पांढरी राहिली. किट शून्य म्हणतं. पण चुनखडीचा दगड तांबं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, त्यामुळे माझा त्या शून्यावर विश्वास नाही.

रविवारी दोन गोगलगायी घेऊन गेलो. आजींनी विचारलं, "या कशाला?"

"टिकतात का बघायला."

"म्हणजे मेल्या तर तुम्हाला कळणार?"

मी हो म्हटलं.

"परत न्या."

परत आणल्या. दुकानातल्या टँकची काच त्या खरवडून साफ करतायत. कोथरूडची हिरवी होत चाललीय.