बेलोतली चीर आणि क्रॉसचा टकटकाट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मांडव्याच्या जेट्टीला बोट लावताना मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे टाकलं आणि पाठीमागून आवाज आला, टक-टक-टक. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. बोट सरळ केली की तो गायब. दोन वर्षं मी या आवाजाकडे लक्ष देत आलो होतो. आधीच्या हंगामात एका कारागिराने 'गिंबल बेअरिंग गेलं' (लेगकडे जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग) म्हणून ते बदलून दिलं होतं. नवं बेअरिंग बसवूनही तक्रार तशीच राहिली होती.

बोट जुनी आहे. मर्क्रूझरचं 4.3 लिटरचं व्ही-6 पेट्रोल इंजिन आणि मागे अल्फा वन जनरेशन टू स्टर्नड्राइव्ह, ज्याला आम्ही सरळ 'लेग' म्हणतो. इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर, आणि लेग वळते, वर-खाली होते. इंजिनचा शाफ्ट मात्र सरळच असतो. त्या दोघांमध्ये वाकत फिरणारं जे काही आहे ते युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजमध्ये त्यालाच क्रॉस म्हणतात. एक क्रॉस वाकून फिरला की पुढचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा पळतो आणि दोनदा मंदावतो. म्हणून पाठोपाठ दुसरा क्रॉस लावलेला असतो, तो पहिल्याचा हा चढउतार भरून काढतो. हे दोन्ही क्रॉस इंजिनच्याच वेगाने फिरतात, कारण गिअर त्यांच्या पुढे आहेत. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साडेचार हजारांच्या आसपास फेऱ्या. एवढ्या वेगात क्रॉसच्या टोकांवरच्या सुईइतक्या बारीक रोलरना पाणी लागलं तर काय होईल ते सांगायला नको.

पावसाळ्यासाठी बोट ट्रॅक्टरने वर ओढली, लेग पूर्ण उजवीकडे वळवली, आणि टॉर्च घेऊन रबरी बेलोची (क्रॉसना पाण्यापासून झाकणारी घड्यांची नळी) एकेक घडी बोटांनी उघडून पाहिली. वरच्या बेलोच्या तिसऱ्या घडीच्या तळाशी नखाएवढी चीर सापडली. घडी मिटलेली असताना ती दिसूच शकत नव्हती. बेअरिंग बदलणाऱ्याने रबर तसंच ठेवलं होतं, त्यामुळे पाणी आत जातच राहिलं.

चीर पडली कशी, याचं उत्तर आमच्या खाडीत आहे. ओहोटीला तळ लागतो म्हणून बोट नांगरताना लेग वर उचलून ठेवावी लागते. बेलोला मात्र लेग खाली असलेलीच बरी. वर ठेवली की रबर तासन्‌तास एकाच जागी ताणलेलं आणि दुमडलेलं राहतं. त्यात घड्यांमध्ये बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी समुद्री जीव) धरतात, आणि लेग खाली आणताना त्यांच्या धारा रबरात घुसतात. उत्पादक लेग खाली ठेवायला सांगतो, आमची खाडी ते होऊ देत नाही. म्हणून आता भरती असेल तेवढा वेळ मी लेग खाली सोडतो आणि आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने घड्या साफ करतो.

काम अलिबागच्या एका ट्रकवाल्या मिस्त्रींबरोबर केलं. "भाऊ, बोटीचं आपल्याला काही कळत नाही," ते आधीच म्हणाले, "पण क्रॉस बदलायचा असेल तर टेम्पोचे शंभर बदललेत." मला हवा होता तो हाच माणूस. लेग उतरवायची माहिती मी आणली, क्रॉस ठोकायचा हात त्यांनी आणला.

उतरवण्याआधी एक गोष्ट कोणीही विसरू नये. अल्फा लेग काढताना गिअर फॉरवर्डमध्ये टाकायचा. आतला शिफ्ट शाफ्ट त्याच स्थितीत सुटतो आणि परत जुळतो. मर्क्रूझरचीच दुसरी, ब्राव्हो लेग असेल तर न्यूट्रल. मग लेग वर-खाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरची मागची पिन काढली, तेलाच्या टाकीची नळी सोडली, आणि तीन पाइपांच्या घोडीवर चेन पुली लावून लेगचं वजन तोललं. सहा नट सैल केले आणि लेग सरळ मागे ओढली. वाकडी ओढली तर शाफ्ट गिंबल बेअरिंगवर अडकतो.

बेलोतून मूठभर लाल भुकटी आणि खारं पाणी बाहेर आलं. पुढचा क्रॉस एका दिशेला हलतच नव्हता. मागचा हलत होता, पण हाताला खाचा लागत होत्या. मिस्त्रींनी कप, म्हणजे सुया धरणारं टोपण, काढला तेव्हा क्रॉसच्या बाजूवर सुयांच्या समांतर रेघा कोरलेल्या होत्या. आवाजाचं मूळ तेच. सरळ चालताना क्रॉस जवळजवळ वाकत नाही, सुया त्याच खाचेत बसून राहतात आणि आवाज येत नाही. पूर्ण वळणावर त्या खाचेतून उड्या मारतात. गिंबल बेअरिंगची घरघर सरळ चालतानाही ऐकू येते. हा फरक मला दोन वर्षांपूर्वी माहीत असता तर एक बेअरिंग वाचलं असतं.

क्रॉस काढायची पद्धत ट्रकसारखीच. आधी लॉक काढायचे, मग एका बाजूला लहान गोटी (सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला कप मावेल अशी मोठी गोटी धरून वाईसमध्ये दाबायचं. लॉक गंजून चिकटले होते, त्यात अख्खी सकाळ गेली. मागचा क्रॉस लेगमधल्या पिनियनच्या (गिअरच्या) योकमध्येच, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या काट्यातच असतो. तो काढायला पिनियन बाहेर घ्यावा असं एकाने सुचवलं होतं. आम्ही ते टाळलं, कारण पिनियन उघडला की त्याच्या बेअरिंगचा ताण परत मोजून बसवावा लागतो. मिस्त्रींनी सी-क्लॅम्पची प्रेस लावून जागेवरच कप काढला. त्याआधी योक एकमेकांत कसे होते ते सेंटर पंचने खुणावलं. दोन्ही क्रॉस आधीच्या दिशेतच जुळले पाहिजेत, नाहीतर एक दुसऱ्याचा चढउतार भरून काढू शकत नाही.

नवे क्रॉस निप्पलवाले घेतले. जुने सीलबंद होते, त्यांना ग्रीस देताच येत नव्हतं. बसवताना एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे कपमधली एखादी सुई आडवी पडू द्यायची नाही. एका कपात पडली, दाबताना वाईस जड लागला आणि मिस्त्रींचा हात तिथेच थांबला. कप काढून सुया जाड ग्रीसमध्ये परत उभ्या केल्या. जोर लावला असता तर नवा क्रॉस तिथेच संपला असता. शेवटी प्रत्येक क्रॉस चारही दिशांना बोटाने हलवून पाहिला. किंचित घट्ट, पण कुठे अडकणारा नाही.

गिंबल बेअरिंगही परत बदललं. मागच्या वेळी त्याच्या बाहेरच्या कड्याची फट ग्रीसच्या छिद्रासमोर आणलीच नव्हती. मी वर्षभर निप्पलमध्ये ग्रीस मारत होतो आणि ते बेअरिंगपर्यंत पोचतच नव्हतं.

वरचा बेलो, एक्झॉस्टचा आणि शिफ्ट केबलचा, तिन्ही रबरं बदलली. रबर बसवताना पृष्ठभाग आधी गंज खरवडून पूर्ण कोरडा केला, मग बेलोचा डिंक लावून क्लॅम्प. शाफ्टचे ओ-रिंग आणि बेल हाउसिंगचं गॅस्केटही नवं टाकलं. ग्रीस दोन प्रकारचं. क्रॉस आणि गिंबलला एक, इंजिनला शाफ्ट जोडणाऱ्या कपलरच्या दातांना वेगळं.

लेग चढवण्याआधी मुंबईहून अलाइनमेंट बार मागवला. हा बार गिंबल बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये दोन बोटांच्या जोराने सरकला पाहिजे. आमचा खालून अडत होता. इंजिनच्या पुढच्या माउंटचे नट थोडे थोडे फिरवत, बारवर ग्रीस लावून त्यावरचे ठसे पाहत, दुपारी तीनला तो सरकला. या कामाला घाई करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. इथे चुकलं तर कपलर आणि गिंबल दोन्ही लवकर जातात, आणि दोष क्रॉसला दिला जातो.

लेग लावताना एकाने पंखा हळूहळू फिरवला आणि दात जुळले तशी ती जागेवर बसली. सहा नट आडव्या-तिडव्या क्रमाने, 50 फूट-पौंडांवर.

नारळीपौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवली. मिस्त्री सोबत होते. जेट्टीपासून लांब जाऊन मी हजार फेऱ्यांवर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे टाकलं, मग उजवीकडे, मग दोन हजारांवर परत. मिस्त्री मागे इंजिनच्या झाकणावर कान टेकून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी फक्त हात वर केला, थांब अशी खूण करत. मी इंजिन बंद केलं. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाशी, हाताचं बोट घालून त्यांनी मला दाखवलं. कोरडं होतं.